न गळणारा झरा

१६ नोव्हेंबर. रक्कम छप्पन्न हजार रुपये. जागा जुनवानीतलं आमचं घर, पुढची खोली. हजर तीन माणसं: मी, माझी बायको नलिनी आणि तिचा धाकटा भाऊ घनश्याम. पैसे कुमाऊंच्या डोंगरातल्या एका ठेकेदाराला पाठवले. अर्धे घनश्यामचे, अर्धे आमचे. काम: तिथल्या एका गावातल्या जुन्या झऱ्याची पक्की दुरुस्ती, माझ्या सासऱ्यांच्या नावाने.

सासरे भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या पोलाद प्लांटात नोकरीला आले आणि इथलेच झाले. दर उन्हाळ्यात कुम्हारीच्या बस थांब्याजवळ लिंबाच्या झाडाखाली ते दोन माठ ठेवत, त्यांना लाल कापड गुंडाळत आणि सकाळी पहिल्या बसने जाऊन स्वतः भरत. तीन वर्षांपूर्वी २० मे रोजी ते गेले. रस्ता रुंद झाला, झाडही गेलं. मग घनश्याम डोंगरात फिरायला गेला आणि एका म्हातारीच्या घरी उतरला. तिच्या घराच्या वर दगडी झरा होता, शेवाळलेला, दोनचार दगड खचलेले. परत येऊन तो म्हणाला, "ताई, बाबांची पाणपोई तिथंच करू. पक्की करू, शंभर वर्ष टिकंल."

ठेकेदाराचं अंदाजपत्रक चौऱ्याहत्तर हजारांचं आलं. आमच्या घरी कोणताही कागद आधी माझ्याकडे येतो. मी प्लांटात सव्वीस वर्षं वजनकाट्यावर आहे. लाल पेनाने मी तीन दुरुस्त्या केल्या. पहिली: 'जुने दगड काढून पुन्हा बसवणे, चौतीस हजार' हे कलम खोडलं आणि तिथे सिमेंट काँक्रीट लिहिलं, साडेएकोणीस हजार. दुसरी: गिट्टी खालून आणू नये, जागेवरच्या दगडाची फोडावी, बचत चार हजार सहाशे. तिसरी: गळती होऊ नये म्हणून सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं औषध मिसळावं, वाढ अकराशे. एकूण अठरा हजार वाचले. घनश्यामने खुश होऊन हथखोजच्या एका कारखान्यातून स्टेनलेस स्टीलची पाटी करून घेतली, दोन फूट बाय दीड फूट, तीन एमएम जाडीची. वजन साडेसहा किलो. मी स्वतः केलं.

मे महिन्यात सासऱ्यांच्या तिथीला आम्ही तिघं ती पाणपोई पाहायला निघालो.

१६ मे

दुर्गहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून जीप. ज्याने रेल्वेने प्रवास केला आहे त्याला तो सांगायला नको, म्हणून सोडून देतो. गावाचं नावही लिहीत नाही. आमच्यासारखा आणखी एखादा दानशूर तिथे पोहोचू नये, एवढं कारण पुरेसं आहे.

जीप थांबते तिथून चढण आहे. मी पावलं मोजली, नऊशे वीस. घनश्यामने वाटेत चार वेळा बसून घेतलं आणि प्रत्येक वेळी दृश्य पाहण्यासाठी बसलो असं सांगितलं. दृश्य होतंही. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखी शेतं, आणि प्रत्येक शेताला खाली दगडाचा बांध. कुठे सिमेंट नाही, कुठे चुना नाही, नुसता दगडावर दगड. मला ते कच्चं वाटलं. त्या दिवशी मला बरंच काही कच्चं वाटत होतं.

ज्या म्हातारीकडे उतरलो तिला सगळे हंसा काखी म्हणतात. काखी म्हणजे आपली काकी. नवरा नाही, मुलगा आणि नवी सून खाली हल्द्वानीला. ती आणि एक गाय, एवढंच घर. खाली गोठा, वर राहायच्या दोन खोल्या. भिंत मी टेपने मोजली, बावीस इंच, दगड आणि माती. छपरावर कौलं नव्हेत, दगडाच्याच पातळ फरश्या, त्यांना ते लोक पाथर म्हणतात. घरात सळई एक नाही. ज्या घरात सळई नाही त्याला आम्ही भिलाईत घर म्हणत नाही. पण आत शिरल्यावर गारवा असा होता की नलिनीने शाल मागितली. आमच्याकडे त्याच वेळी स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो आणि पंखा ती गरमी खाली ढकलत असतो.

आत शिरताना माझं डोकं चौकटीवर आपटलं. दार साडेचार फुटांचं.

"पहले दिन सबका लगता है," काखी म्हणाली. "कल से नहीं लगेगा."

दुसऱ्या दिवशीही लागलं.

जेवायला गहताची डाळ होती. नलिनीने एक घास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर कुळीथ आहे." मडुव्याची भाकर म्हणजे नाचणीची. भांगेच्या बियांची चटणी आली तेव्हा घनश्यामने ताट मागे सरकवलं. "मले नशा चढंल ना," तो म्हणाला. काखीने ते हावभावावरून ओळखलं. "बीज में नशा नहीं ठैरा, बाबू. नशा पत्ती में ठैरा." तिकडे 'है'च्या जागी 'ठैरा' म्हणतात. मग त्याने ती तीन वेळा मागून घेतली.

एक गोष्ट मी टिपली. हात धुवायला काखीने आम्हाला अर्धा तांब्या दिला. भांडी तिने राखेने घासली आणि ओल्या फडक्याने पुसली. पाणपोई घरापासून चाळीस फुटांवर असताना. मला वाटलं, इकडची रीत असेल.

१७ मे

सकाळी झऱ्यावर गेलो. त्या बाजूला त्याला नौला म्हणतात. दगडी देवळीसारखी छोटी खोली, पुढून उघडी. काखीने बाहेर चपला काढल्या. घनश्याम बुटांसकट आत वाकला.

आतला भाग आमच्या न्हाणीघरासारखा गुळगुळीत होता. मागच्या भिंतीवर आमची पाटी चकाकत होती, तिला वाळलेली झेंडूची माळ. खाली, जिथे पाणी असायला हवं तिथे, पानांचा चुरा आणि गुटख्याची एक पुडी.

"पानी कुठी आहे?" घनश्याम म्हणाला.

"नहीं है," काखी म्हणाली.

"उन्हाळा आहे म्हणून?"

"माघ से नहीं है."

माघापासून म्हणजे तीन महिने. तीन महिने ही बाई आणि वरची पाच घरं खाली डोंगरातून धार पडते तिथून पाणी आणत होती. मी नंतर तिच्याबरोबर गेलो आणि पावलं मोजली. जाताना अठराशे साठ, येताना तेवढीच, पण डोक्यावर पंधरा लिटर घेऊन. दिवसातून तीन खेपा, कारण गाय माणसापेक्षा जास्त पिते.

मी तिथेच तापलो. ठेकेदाराने सिमेंट खाल्लं असणार, दुसरं काय? "घनश्याम," मी म्हणालो, "ठेकेदाराने डिसेंबरात पाठवलेला व्हिडिओ तू पाहिला, तेव्हा पाणी होतं?"

"होतं ना. बकेटनं टाकलेलं असंल तर मले काय माहीत?"

"तुले कायच माहीत नसते."

"भाऊजी, कागद तुमी पाहून दिला होता."

नलिनी मध्ये पडली. "अहो, तुमी कावून इतके तापून राहिले? आधी काखीले विचारा, त्यायनं फोन कावून नाई केला."

विचारलं. काखीने पदराने पाटीवरची धूळ पुसली. तिचं उत्तर मी इथे तिच्याच शब्दांत देतो. "दान की चीज़ को बुरा कैसे कहते, बाबू? तुम्हारे पिताजी का नाम लिखा ठैरा. मरे हुए आदमी का नाम."

मला तिचाही राग आला. एवढ्यासाठी कोणी तीन महिने पाणी वाहतं का? भिडेपायी मराल तुम्ही, असं काहीतरी मी म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, माघात मुलाचं लग्न झालं. नव्या नवरीने पहिल्या दिवशी नौला पुजायचा असतो. आमच्याकडे बाळंतीण विहीर पुजते तसंच. सुनेला वाजतगाजत आणली तर आत कोरडं. मग काखीने घरातून लोटाभर पाणी आणून आत ओतलं आणि सुनेने त्याची पूजा केली.

त्यानंतर तिने आम्हाला गोठ्यात नेलं. गोठ्याची मागची भिंत डोंगरात रुतलेली आहे. ती भिंत ओली होती. नुसती ओली नव्हे, तळाला दगडांच्या फटींतून पाणी पाझरत होतं, आणि मधोमध भिंत पोटासारखी पुढे आली होती. मी ओळंबा लावला. वरपासून खालपर्यंत साडेतीन इंचांचा फुगवटा. गाय दुसऱ्या कोपऱ्यात बांधली होती. काखीच्या झोपायच्या खोलीचं सगळं ओझं त्याच भिंतीवर होतं.

"बारिश में बैठेगी," ती म्हणाली, जसं आपण बस साडेदहाला येईल म्हणतो.

पाऊस जूनच्या शेवटी लागतो. चाळीस दिवस.

१८ मे

ठेकेदार खालच्या बाजारात राहतो. मी टेप, वही आणि रागाची सगळी वाक्यं तयार ठेवून गेलो. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. मग त्याने फाइल काढली.

सिमेंटची चौदा पोती, पावत्यांसह. आठ एमएमची जाळी, वजनासह. औषधाचे डबे, रिकाम्या डब्यांच्या फोटोसह. मजुरांच्या सह्या. काँक्रीटची जाडी सहा इंच लिहिली होती. आदल्या दिवशी कडेला मी मोजली होती, सहा इंच भरली होती. मी दोनदा बेरीज केली. छप्पन्न हजार, ना एक रुपया इकडे ना तिकडे.

वजनकाट्यावर मी सव्वीस वर्षं चोर पकडले आहेत. ओल्या राखेचं वजन, डिझेलच्या टाकीत पाणी, सगळं पाहिलं. हिशेब जुळला की मला बरं वाटतं. त्या दिवशी हिशेब जुळला आणि मला कधी नव्हे एवढा राग आला, कारण तो ठेवायला जागाच उरली नाही.

फाइलच्या तळाशी माझं अंदाजपत्रक होतं. तीन ठिकाणी लाल शाई.

"मैंने तो पहले पत्थर ही लिखा था, सर," ठेकेदार म्हणाला. "आपने काटा."

"मग तुम्ही सांगायला हवं होतं."

"फ़ोन पर बोला था. आपके साले साहब ने कहा, जीजाजी वज़नकाँटे पर हैं, उनका हिसाब ग़लत नहीं होता."

घनश्याम बाहेर काफळं विकत घेत होता. लाल, आंबटगोड, बोराएवढं फळ. त्याने कागदाच्या पुडीतून मला दिली. मी ती त्याच्या हातातच राहू दिली.

१९ मे

दीवान सिंग हा वरच्या घरातला गवंडी, वय पासष्टच्या पुढे. त्या गावच्या निम्म्या भिंती त्याच्या, उरलेल्या त्याच्या बापाच्या. आजवर त्याला आमच्यापैकी कोणी काही विचारलं नव्हतं. तो नौल्याच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि आम्हाला शाळेतल्या मुलांसारखं समजावू लागला.

"साहब, ये टंकी नहीं ठैरी. टंकी में पानी डालते हैं. नौले में पानी आता है."

त्याने काठीने जमिनीवर चौकोन काढला, त्याच्या आत लहान चौकोन, त्याच्या आत आणखी लहान. नौला म्हणजे उलटा ठेवलेला पायऱ्यांचा डोंगर, वर पाच फूट, तळाला दीड. सहा थर. दगडांच्या मध्ये काही भरायचं नसतं, फट तशीच ठेवायची, कारण फट हेच त्याचं तोंड. डोंगर हळूहळू पाझरतो, पाणी फटींतून आत येतं. दगड थोडा खचला तर थोडा उचलून बसवायचा, बस. आम्ही ती सगळी तोंडं सहा इंच काँक्रीटने बंद केली होती, जाळी घालून, वर औषध टाकून. झऱ्याची गळती थांबवण्याचे अकराशे रुपये मी आपल्या हाताने वाढवले होते.

"फिर पानी कहाँ जाएगा?" दीवान सिंग म्हणाला. "जहाँ पत्थर ढीला मिला, वहाँ गया. काखी के गोठ में."

"तोडलं तर परत येईल?"

"आ भी सकता है. रूठा हुआ ठैरा."

असल्या बोलण्याची मला चीड आहे. पाणी रुसत नाही. मी त्याला टक्केवारी विचारली. त्याने बिडी पेटवली.

घनश्यामचं म्हणणं वेगळं होतं. काँक्रीट राहू द्यावं, गोठ्यातल्या पाण्याला पाइप लावून वर मोटर बसवावी. "बाबांच्या तिथीले बाबांच्या नावाचं काम फोडून राहिले तुमी? लोक काय म्हनतीन?"

"लोक तीन महिन्यांपासून काहीच म्हणत नाहीयेत, तोच तर घोळ आहे."

"तुमाले काय, तुमचे बाप नव्हते ते."

यावर मी बोलायला तोंड उघडलं, आणि बरं झालं नलिनी आधी बोलली. ती काखीबरोबर खालून पाणी घेऊन नुकतीच आली होती. हंडा अजून कमरेवर होता, लुगडं भिजलेलं, चेहरा लाल.

"घनू," ती म्हणाली, "बाबा कुम्हारीले पहिल्या बसनं कावून जात होते, सांग."

"माठ भराले."

"आन् इथं बाबाच्या नावानं त्या बाईले हंडे वाहा लागून राहिले. तिची भिंत पडली तर त्या पाटीवर कोनाचं नाव आहे? फोडा ते. उद्याच फोडा. तिथीलेच."

घनश्याम तिथून उठून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या हातात ठेकेदाराकडून मागून आणलेला घण होता.

२० मे आणि पुढचे दोन दिवस

आधी पाटी काढली. तिचे चार बोल्ट घनश्यामनेच पक्के पाठवले होते, ते निघेनात. दीवान सिंग म्हणाला, "स्टीलवाले लोग," आणि छिन्नीने भिंतीचा तेवढा भागच उडवला. मग ती पाटी उलटी करून त्याने आडोशाला ठेवली, आणि पुढचे आठ दिवस तिच्या पाठीवर नौल्याच्या छपराला लावायची माती कालवली. ओली माती चिकटत नाही म्हणून त्याला ती फार आवडली.

काँक्रीट फोडायला तीन दिवस लागले. ठेकेदाराने चोरी केली असती तर एका दिवसात फुटलं असतं. हे मी दीवान सिंगला म्हणालो तेव्हा तो प्रथमच मोठ्याने हसला. घनश्याम, मी आणि तो आळीपाळीने घण मारत होतो. माझ्या तळहाताला पाच फोड आले, घनश्यामच्या सात. कमरेतून वाकल्यावर जो सूर निघतो तो दोघांचाही सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मोठा तुकडा उलटा पडला आणि मी घण खाली ठेवला. काँक्रीटमध्ये गिट्टी दिसत होती. एका गिट्टीला सरळ कड होती. एकीवर छिन्नीचे बारीक, समांतर घाव होते. एकीवर कमळाची अडीच पाकळी. मी खिशातल्या ब्रशने माती झाडली. अडीच पाकळीच होती, पुढचा भाग दुसऱ्या कुठल्या तुकड्यात.

जागेवरच्या दगडाची गिट्टी फोडावी. बचत चार हजार सहाशे.

दीवान सिंगने तो तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. "मेरे दादा के पहले का ठैरा," एवढंच तो म्हणाला. त्याने ठेकेदाराला शिवी दिली असती, मला दिली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, तुम्ही त्या वेळी अडवलं का नाही? तो म्हणाला, कागद आला होता साहब, त्यावर लाल पेनाने लिहिलेलं होतं, मोठ्या साहेबाने लिहिलंय असं आम्हाला सांगितलं.

जे दगड फोडायचे राहिले ते ठेकेदाराच्या माणसांनी उतारावर लोटून दिले होते. काखीने ते एकेक करून वर ओढून आणले होते आणि गोठ्याच्या बाजूला गवताखाली रचून ठेवले होते. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही. "फेंकते तो नहीं ना," ती म्हणाली. मी मोजले, बावन्न. दीवान सिंगने डोळे मिटून थर आठवले: वीस, सोळा, चौदा, दहा, आठ, सहा. चौऱ्याहत्तर. म्हणजे बावीस गेले.

२३ ते २८ मे

मी खडूने दगडांवर आकडे घालायला सुरुवात केली. थर एक, दगड एक, थर एक, दगड दोन. दीवान सिंग थोडा वेळ पाहत बसला.

"साहब, ये क्या लिख रहे हो?"

"क्रम. चुकायला नको."

"पत्थर नंबर से नहीं बैठता. उसका मुँह देखना पड़ता है."

मला पुन्हा चीड आली, पण मग मी त्याला काम करताना पाहिलं. तो दगड उचलायचा, फिरवायचा, जागेवर ठेवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. हलला तर काढून दुसऱ्या बाजूने. कधी एक दगड बसायला पाऊण तास. टेप त्याने एकदाही घेतली नाही. मी नंतर ओळंबा आणि लेव्हल लावून तपासलं. वरच्या थराचा फरक पाव इंचाहून कमी. नव्या बावीस दगडांसाठी खच्चरवाल्याला ओढ्यापर्यंत दोन फेऱ्या कराव्या लागल्या. दीवान सिंगने ते घडवले. कमळ मात्र त्याने कोरलं नाही. मी म्हणालो, करा, जास्तीचे देतो. तो म्हणाला, "वो हाथ मेरा नहीं ठैरा."

२६ तारखेला तळाचे सहा दगड काळपट दिसू लागले. काखीने बोट लावलं आणि डोळ्यांना लावलं. घनश्याम या वेळी बूट बाहेर काढून आत वाकला होता. २८ ला निघताना मी पट्टी घातली, एक इंच आणि दोन सूत. पूर्वी कमरेइतकं असायचं. गोठ्यातली भिंत अजून पाझरत होती, पण कमी. फुगवटा तसाच साडेतीन इंच.

निघताना काखीने नलिनीला भट्टाची काळी डाळ बांधून दिली आणि मला गोठ्याच्या दाराशी बोलावलं. मला वाटलं आता बोलेल, आता तरी रागावेल. ती म्हणाली, "झुक के जाना." मी वाकलो. या वेळी लागलं नाही.

भिलाई

घनश्यामने पाटी टॉवेलात गुंडाळून परत आणली. ती त्याच्या घरी पलंगाखाली आहे. नलिनीने कुम्हारीला जाऊन जागा पाहिली. झाड नाही, पण एका पंक्चरवाल्याची टपरी आहे आणि तो म्हणाला, ठेवा दोन माठ. ती रोज पहिल्या बसने जाते. मी रविवारी जातो.

दीवान सिंग दर आठवड्याला फोनवर आकडा सांगतो, कारण मी मागतो. जून संपताना नौल्यात चौदा इंच होते. त्याआधी, पाऊस लागायच्या आत, त्याने गोठ्याची मागची भिंत उघडून फुगलेला भाग नव्याने रचला, खाली पाण्याला वाट ठेवली. जुलैत मी विचारलं, भिंत? तो म्हणाला, "खड़ी है." किती इंच सरकली? "साहब, खड़ी है ना." मी तेवढ्यावर फोन ठेवला. पाणी पूर्वीइतकं होईल का, हे त्याला माहीत नाही आणि मला तर नाहीच.

शेवटी दिलेली रक्कम अशी. दीवान सिंग यांना नौल्याची नऊ दिवसांची मजुरी, आठ हजार एकशे, रोख. त्यांनाच काखीच्या भिंतीची पाच दिवसांची, चार हजार पाचशे, बँकेतून. खच्चरवाल्याला दोन फेऱ्यांचे बावीसशे, रोख. एकूण चौदा हजार आठशे. सगळे मी दिले. घनश्यामने निम्मे देऊ केले, मी घेतले नाहीत, कारण लाल पेन माझं होतं.

गिट्टी झालेल्या जुन्या बावीस दगडांचे पैसे मी निघण्याआधी काखीला देऊ लागलो. तिने नोटा माझ्या हातात परत ठेवल्या आणि म्हणाली, "मुझे क्यों? मैंने थोड़े ही बनाए." दीवान सिंगला दिले, तो म्हणाला, माझे नाहीत. ज्यांनी ते घडवले त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. बावीस दगडांसमोर रकमेचा आणि नावाचा, दोन्ही रकाने माझ्या वहीत कोरे आहेत.